श्रोणी, शेणी आणि पोसूबाय

पोसूबाय कुणाच्याही घरात बसत नाही. पाट सरकवा, घोंगडी अंथरा, हात धरून ओढा, उत्तर ठरलेलं: "मी हुबीच बरी गो. बसलेली मानसा बारकी दिसतान."

कोपरखैरण्यात माझी खोली तिच्या कुडाला लागून आहे. गावाचं मत असं की बाई गर्विष्ठ आहे. त्याला दुसराही पुरावा देतात. गावातले निम्मे विनोद पोसूबायचे, पण ती स्वतः कधी हसत नाही. नक्कल अशी करते की बायका लोळायच्या बाकी राहतात, आणि नेमकी त्याच वेळी ही तोंड घट्ट मिटून घरामागे चालू पडते. बायका म्हणतात, "निंगाली बग राजाची रानी!"

आमच्या महिला मंडळाने मला इथे पत्रकं वाचायला पाठवलंय. पहिल्याच सभेत मी खणखणीत वाचलं, "प्रसूतीनंतर श्रोणीचे स्नायू शिथिल होतात."

दारात उभी असलेली पोसूबाय म्हणाली, "शेनी ढिल्या झाल्यान तं परत थापाच्या. त्याला पतरक कशाला?"

सभा कोसळली. गोवऱ्यांना इथे शेणीच म्हणतात, त्यामुळे चूक तिची नव्हतीच. ओटीपोटाच्या तळाला श्रोणी हा शब्द बाळंतिणींसाठी कुणी लिहिला? ज्याला कधी कळ आली नाही अशा कुणीतरी, दुसरं कोण! सगळ्या हसत होत्या आणि पोसूबाय नेहमीसारखी घरामागे गेली होती.

मी पत्रक खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "खोकताना, हसताना लघवी सांडते का? पाटी उचलताना अंग बाहेर आल्यासारखं वाटतं?"

हसणं बंद. मग कोपऱ्यातून एकीचा आवाज आला, "सगल्यांनाच व्हतय ना ता?"

सगळ्यांना होतं म्हणून ते बरोबर कसं? मी तावातावाने बोलत राहिले, ढिले स्नायू रोज आवळून पुन्हा घट्ट करता येतात हेही सांगितलं. पोसूबाय कधी परत येऊन दाराशी उभी राहिली, मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कुडावरून हाक आली. "मास्तरीन, ता आवलाचा कसा?"

"लघवी मधेच थांबवायला जे आवळतो, तेच आवळायचं. जरा धरायचं, सोडायचं. रोज. आणि बाळंतपणानंतर डोक्यावर भार घ्यायचा नाही, निदान सव्वा महिना."

"माझ्यासाठी नाय इचारत. चांगुनासाठी."

चांगुणा तिची एकुलती लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. त्या दिवसापासून कुडापलीकडून पोसूबायची नवी आरोळी ऐकू येऊ लागली, "पोरी, आवलला काय?" शेजारचा म्हाताराही घाबरून कंबरेचा करगोटा चाचपायचा.

चांगुणाला मुलगा झाला. बारसं उरकलं आणि लगेच गोठिवलीहून विहीणबाई आल्या, जावई मागे. मिठागरावर मीठ काढायचे दिवस, माणसं अपुरी. चांगुणाला आजच न्यायची म्हणाल्या. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत धरणं बसली, पोलादाचे कारखाने बसले, बाळंतिणीला महिनाभर टेकायला जागा तेवढी सापडली नाही!

"सव्वा महिना पोरगी जावाची नाय," पोसूबाय म्हणाली.

"आमी नाय बारा दिसात पाट्या उचलल्या?" विहीणबाई कडाडल्या. "तुमचीच काय लोन्याची?"

"मीपन उचलल्या." पोसूबायचा आवाज अजिबात चढला नाही. "तवापासना माझा अंग भायेर येतय. हसलू तं लुगरा भिजतय, म्हनून मी हसत नाय. कोनाचा पाट भिजल, म्हनून बसत नाय. तुमचा कसा हाय, विहीनबाय?"

जावई एकदम छपराची कौलं मोजू लागला. विहीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मुलाला म्हणाल्या, "चल रं. ऱ्हाऊ दे तिला." आणि माझ्याजवळून जाताना हळूच पुटपुटल्या, "गोठिवलीला कवा येशील, बाय?"

ते गेल्यावर मी पोसूबायच्या मागेच लागले. ठाण्याला बाईडॉक्टर आहे, अंग बाहेर येऊ नये म्हणून आत आधाराची कडी बसवून देते, उद्याच चला.

"आदी हिचा सव्वा महिना व्हऊ दे," ती म्हणाली आणि नातवाला तेल लावायला वळली.

चांगुणा आईकडे बघत होती. "आये, ह्या कवापासना हाय? मना कदी बोललीस नाय?"

पोसूबायने नातवाच्या टाळूवर तेल जिरवलं.

"तुज्या जल्माच्या येलेला झाला," ती म्हणाली. "बोलली असती तं तू सोताला बोल लावला असतास."