खोड आत, सावली बाहेर

खंडेनवमीला आमच्या कंपनीत यंत्रांची पूजा असायची. लेथला हळदकुंकू, मिलिंग मशीनला झेंडूच्या माळा, समोर पेढ्यांचं ताट. गुरुजी कापूर पेटवून आरती म्हणू लागले की त्यांच्या पाठीशी आमचे फायर-ऑफिसर धामणकर लाल नळकांडं रोखून उभे. पिन काढलेली, अंगठा चापावर. प्रत्येक कडव्यानंतर ते पुढे वाकून गुरुजींच्या कानात सांगायचे, "कापूर जरा बेतानं. उद्या काही झालं तर?"

एका वर्षी गुरुजी दचकले, तबक कललं आणि पेटता कापूर माळेवर पडला. धामणकरांनी ज्या क्षणासाठी जन्म घेतला होता तो क्षण अखेर आला. त्यांनी चाप दाबला. मशीन, माळ, पेढे आणि गुरुजी, सगळे पांढऱ्या फेसाखाली गेले. त्या वर्षी कोणालाच प्रसाद मिळाला नाही. धामणकरांनी अहवालात लिहिलं, 'आग तत्काळ आटोक्यात. जीवितहानी नाही.' गुरुजींनी पुढच्या वर्षापासून दक्षिणा वाढवून मागितली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची कंपनी पिंपरीला हमरस्त्यावर होती आणि मी तिथल्या टाइम ऑफिसात कारकून होतो. धामणकरांची खोली माझ्या शेजारी. कामगार त्यांना बंबसाहेब म्हणत. कंपनी सुरू झाल्यापासून तिथे आग अशी लागलीच नव्हती, आणि बिचाऱ्याचं हेच दुखणं होतं. पंप ऑपरेटरचं काम दिसतं, वेल्डरचं काम दिसतं. बंबसाहेबांचं काम उत्तम झालं की काहीच घडायचं नाही, आणि काहीच न घडण्याबद्दल आजवर कोणाला बढती मिळालेली नाही.

राहायलाही ते कासारवाडीला आमच्याच चाळीत, दोन घरं सोडून. बायको वारलेली, मुलगा भिलाईला. माणूस एकटा, पण कोणी त्यांना घरी बोलवायचं नाही. कारण चहाला आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन नाकानं हवा ओढायचे. "वहिनी, स्टोव्हचा वायसर कधी बदललात?" त्यांच्या सायकलची घंटा ऐकली की आमची ही दार लोटून घ्यायची. मीही तिला कधी अडवलं नाही.

तर अशा या माणसाला अचानक शत्रू मिळाला.

आमच्या कंपनीत गेटपासून ऑफिसपर्यंत गुलमोहरांची रांग होती. एका दुपारी, वारा नाही, वादळ नाही, त्यातल्या एका झाडाची मांडीएवढी फांदी कडकन मोडून सायकल स्टँडवर पडली. सायकलींची चाकं पापडासारखी झाली. माणसं जमली. फांदी आतून पोकळ होती आणि पोकळीत ओला भुसा. धामणकरांनी भुशात बोट घातलं आणि एक पांढरीफटक, तपकिरी डोक्याची, करंगळीएवढी अळी बाहेर काढली.

"ह्ये भिरूड हाय," माळी बाबूराव म्हणाला. तो पिंपरी गावचाच. ज्या जमिनीवर कंपनी उभी होती तिथे त्याच्या बापाची बाजरी असायची. "भोक पाडून आत शिरतं न् आतल्या आत खातं. वरून कायबी दिसत न्हाई."

"मग गावाकडे तुम्ही काय करता?" धामणकरांनी उत्सुकतेनं विचारलं.

"झाड तोडतो न् चुलीत घालतो."

चूल म्हटल्यावर धामणकर पांढरे पडले.

झाडांचं खातं खरं म्हणजे इस्टेट ऑफिसर कर्णिकांचं. पण कर्णिकसाहेबांना झाडं फक्त पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी दिसत. बुंध्याला गेरू आणि चुना फासला की त्यांची वनस्पतिसेवा संपली. धामणकरांनी हक्क सांगितला. झाड पडणं हा अपघात, अपघात म्हणजे सेफ्टी, आणि सेफ्टी म्हणजे मी. कर्णिकांनी ही पीडा आनंदानं त्यांच्या गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवसापासून ती अळी काचेच्या बाटलीत धामणकरांच्या टेबलावर आली. टेबलावर आली तोवर ठीक होतं. पण ते ती कँटीनमध्येही आणत. उपम्याच्या ताटलीशेजारी बाटली ठेवायची आणि समोरच्याला विचारायचं, "हिचे जबडे पाहिलेत?" हळूहळू त्यांच्या टेबलावर ते एकटेच जेवू लागले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. बाटली होतीच सोबतीला.

मग उपाय. कृषी खात्याच्या एका पुस्तिकेत त्यांना सापडला. खोडावरचं भोक शोधायचं, सायकलच्या स्पोकनं आतला भुसा उकरायचा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस भोकात कोंबायचा आणि वरून चिखलानं लिंपून टाकायचं. सोपं काम. पण कंपनीच्या आवारात उघड्यावर पेट्रोल न्यायचं तर फायर-ऑफिसरची लेखी परवानगी लागायची. म्हणून धामणकरांनी धामणकरांना अर्ज लिहिला. तो टाइम ऑफिसातून रीतसर फिरला आणि संध्याकाळी शेजारच्याच खोलीतून उत्तर आलं, 'धोका लक्षात घेता परवानगी नाकारण्यात येत आहे.'

मी म्हटलं, "साहेब, नाकारलीत कशाला? तुमचाच अर्ज!"

"माझा म्हणून काय झालं? त्यात वाळूच्या बादलीचा उल्लेखच नाही!" ते अर्जदारावर खरोखर चिडले होते. दुसऱ्या अर्जात बादल्या आल्या, नळकांडं आलं, आणि परवानगी मिळाली.

मग रोज दुपारी मिरवणूक निघू लागली. पुढे स्पोक घेतलेला बाबूराव, मागे वाटीभर पेट्रोल दोन्ही हातांनी सांभाळत धामणकर, त्यांच्या मागे वाळूच्या बादल्या घेतलेले दोघे आणि शेवटी नळकांड्याची ढकलगाडी. प्रत्येक गुलमोहराला 'धूम्रपानास सक्त मनाई' अशी पाटी टांगली गेली. ओव्हरटाइम मिळायचा म्हणून फायर पथकातले पोरगे तोंड दाबून हसत चालायचे. "राव, आज कुणाचं ऑपरेशन?" शॉपमधून कोणीतरी ओरडायचं. धामणकर बुंध्याला कान लावून लाकडी हातोड्यानं ठोकायचे आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. शिफ्ट सुटताना भोंगा झाला की भोंग्यावरही रागवायचे.

हसा किंवा रडा, पण झाडं सुधारली. भुसा पडायचा थांबला, नवी पालवी आली. फक्त एक झाड दाद देईना. ते गेटजवळचं, सगळ्यांत मोठं.

या झाडाची भानगडच वेगळी होती. त्याचं खोड कुंपणाच्या आत होतं आणि अर्ध्याहून अधिक पसारा बाहेर रस्त्याकडे. त्या सावलीत सलीमभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी, हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. आणि सलीमभाई विडी ओढायचा.

धामणकर रोज सकाळी कामावर येताना तिथे सायकल थांबवत.

"सलीमभाई, तुम्ही कंपनीच्या झाडाखाली विडी ओढताय."

"झाड तुमचं, साहेब. सावली माझ्याकडे आपणहून आली. मी कुठं आत आलो?"

"खोड कंपनीचं आहे!"

"मग खोडाखाली नाय ओढत. सावलीचा मालक कोण, ते कागद दाखवा."

"उद्या काही झालं तर?"

"उद्याचं उद्या. आज ब्रेक ढिला झालाय तुमचा, तो बघू का?"

आणि मग धामणकर दगडावर बसत, ब्रेक आवळून होईपर्यंत त्याला विडीचे तोटे सांगत. संध्याकाळी तोच खटला पुन्हा उभा राहायचा. वर्षानुवर्षं. नोटिसाही दिल्या होत्या. सलीमभाई त्यांवर छर्ऱ्यांना वंगण लावून ठेवायचा. टाइम ऑफिसच्या खिडकीतून मला हे सगळं दिसायचं आणि वाटायचं, या माणसाला पगार देऊन कंपनी कोणाचं मनोरंजन करते आहे?

पावसाळा सरला तेव्हा बातमी आली की परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार. कर्णिकसाहेब जागे झाले. त्यांचं म्हणणं, ही किडकी रांग सगळीच तोडावी आणि तिथे आसूपालव लावावा. सरळ, शिस्तीचा, परदेशी लोकांना आवडेल असा. जनरल मॅनेजरांनी दोघांना बोलावलं आणि निकाल दिला, धामणकर ज्या झाडाला धोकादायक म्हणून लेखी देतील तेवढंच पडेल, बाकीची राहतील.

रांगेतली बाकी सगळी झाडं धामणकरांनी ठणठणीत ठरवली. गेटजवळच्या झाडाचा कागद मात्र ते लिहीनात. रोज जायचे, ठोकायचे, ऐकायचे. आवाज रिकाम्या पिंपासारखा यायचा, तो मलासुद्धा खिडकीत ऐकू यायचा. पुन्हा कापूस, पुन्हा चिखल. फांद्यांना लोखंडी पाइपांचे टेकू दिले. कर्णिक येता-जाता विचारायचे, "काय बंबसाहेब, पेशंट काय म्हणतो?" एरवी दोन काड्या जवळ दिसल्या तरी तीन पानी अहवाल लिहिणारा हा माणूस म्हणायचा, "निरीक्षण चालू आहे."

एका शुक्रवारी दुपारी त्या झाडाची रस्त्याकडची मोठी फांदी टेकूसकट खाली आली. सावलीत, सलीमभाईच्या दगडावर.

आवाज ऐकून धामणकर खोलीतून धावत सुटले. अनवाणी. इतक्या वर्षांत ज्या माणसाने कोणाला आवारात धावू दिलं नव्हतं, तो गेटवरच्या वॉचमनला ढकलून बाहेर पडला. आम्हीही मागे धावलो. पानांच्या ढिगात शिरून ते फांद्या ओढत होते, "सलीमभाई! सलीमभाई!" हाताला खरचटून रक्त आलेलं. खाली पत्र्याची पेटी चेपून भाकरीएवढी झाली होती.

तेवढ्यात सलीमभाई रस्त्याच्या पलीकडून टोपी घडी करत आला. जुम्म्याच्या नमाजाला गेला होता.

"काय झालं, साहेब?"

धामणकरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते तिथेच पानांवर बसले. मग एकदम ओरडले, "दुकान उघडं टाकून जाता? काही पद्धत आहे की नाही?"

त्याच संध्याकाळी त्यांनी कागद लिहिला. मीच तो टंकायला घेतला होता. मला तो एका वाक्याचा अहवाल वाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. 'झाड धोकादायक आहे, ताबडतोब पाडावे.'

झाड पडलं. कर्णिकांनी त्या निमित्तानं कुंपणाबाहेरची जागाही 'साफ' करवून घेतली. पाहुणे आले, दहा मिनिटं थांबले, आणि गेटकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या जागी आसूपालव लागला. त्याची सावली त्याच्या स्वतःच्या पायावरसुद्धा धड पडत नाही.

सलीमभाईनं चेपलेली पेटी हातगाडीवर टाकली, तेव्हा धामणकर गेटवर उभे होते.

"शेवटी नोटीस लागू केलीत म्हणायची," सलीमभाई हसत म्हणाला. "चाकणला मेव्हणा आहे. कांद्याच्या बाजारात सायकली लई येतात. जातो तिकडंच."

"तिथे विडी ओढू नका," धामणकर म्हणाले. "पोती असतात. बारदान पटकन पेट घेतं."

त्यानंतर धामणकर वेळेवर येत, वेळेवर जात. पुढच्या खंडेनवमीला नळकांड्याची पिनसुद्धा काढली नाही. गुरुजींनी उलट विचारलं, "बरं नाही का?" आम्ही म्हटलं, चला, सुधारले. कंपनीत कोणी थकला की आम्ही त्याला सुधारला म्हणतो.

चाळीत एक नवा विनोद मात्र चालू झाला होता. धामणकर दर रविवारी सकाळी सायकल हातात धरून नाशिक फाट्यावर जायचे आणि तिला एस.टी.च्या टपावर चढवायचे. सायकलला एस.टी.तून हवापालट! कंडक्टर लगेजचं तिकीट फाडताना हसायचा म्हणे. विचारलं तर धामणकर म्हणत, "काम असतं."

उन्हाळ्यात एका रविवारी मी वर्षाचे कांदे आणायला चाकणला गेलो. बाजाराच्या कडेला, बैलगाड्या सोडतात तिथे, उलटी ठेवलेली ओळखीची सायकल दिसली. शेजारी पोत्यावर धामणकर. सलीमभाई विडीचा झुरका घेत होता आणि धामणकर त्याला, बाजार कांद्याचा असला तरी कडबा कसा पेट घेतो ते समजावत होते. मला पाहून ते गडबडले. "पंक्चर झाली," म्हणाले. "चहा सांगतो तुम्हाला," आणि उठून टपरीकडे गेले.

मी सलीमभाईला म्हटलं, "कासारवाडीची पंक्चर चाकणला?"

"पंक्चर कसली, भाऊ," तो हळूच म्हणाला. "दर ऐतवारी हवा सोडून आणतात. व्हॉल्व्ह ढिला असतो, मला काय कळत नाय? बारा आण्यांच्या कामाला एवढा लांब कोण येतं?"

"मग तुम्ही काय करता?"

"मी ट्यूब काढतो."

धामणकर तीन कप घेऊन आले. सलीमभाईनं विडी विझवली, ट्यूब फुगवली आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवू लागला. दोघंही पाण्यावर वाकले. एकही बुडबुडा नव्हता. ट्यूब पुरी फिरून पहिल्या जागी आली.

"नाय दिसत, साहेब."

"पुन्हा बघा," धामणकर म्हणाले. "असेल कुठेतरी बारीक."

"बघतो ना," सलीमभाई म्हणाला, आणि त्यानं ट्यूब पुन्हा पाण्यात घातली.