बिवलकरांच्या रेझ्युमेवर हरकती व सूचना

रेझ्युमे पाठवण्याआधी चार लोकांच्या नजरेखालून घालावा, एवढंच श्याम बिवलकरांच्या मनात आलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने तो चार मित्रांना व्हॉट्सअॅपवर पाठवला असता, चार अंगठे मिळवले असते आणि विषय मिटवला असता. पण बिवलकरांची सगळी हयात पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रशासन विभागात गेली होती. तिथे कॅन्टीनच्या पोह्यांत शेंगदाणे असावेत की नसावेत याचाही मसुदा आधी नोटीस बोर्डावर लागत असे. खाली 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी ओळ असे, आणि मुदत संपल्यावरच शेंगदाणे पडत. बोर्डावर न लागलेला कागद अंतिम होऊ शकतो यावर बिवलकरांचा विश्वासच नव्हता. (स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी आधी कारखान्यात बोर्डावर लावली होती. तीन हरकती आल्या. त्यातली एक मुलीकडची होती.)

मग कारखाना परराज्यात गेला आणि बिवलकर कोथरूडातच राहिले.

सुरुवातीला बरं गेलं. पण त्यांची पत्नी आनंदी हॉलमध्ये बसून ऑनलाइन जर्मन शिकवायची, आणि तिच्या मागून स्क्रीनमध्ये बिवलकर जा-ये करायचे. कधी कुंडीला पाणी घालायला, कधी फक्त बघायला. तिच्या विद्यार्थ्यांना 'अगं, माझा चष्मा पाहिलास का' हे वाक्य आता जर्मनपेक्षा चांगलं येत होतं. घरात शिस्त यावी म्हणून बिवलकरांनी फ्रीज उघडण्याच्या वेळा लिहून फ्रीजवर चिकटवल्या. त्या दिवशी आनंदीने आपल्या बहिणीच्या मुलाला, केयूरला, फोन केला आणि सांगितलं, तुझ्या हिंजवडीत काहीही बघ, पण बघ.

बिवलकरांचं स्वतःचं दुःख निराळंच होतं. त्यांना डबा हवा होता. तीन पुडांचा स्टीलचा डबा हातात घेऊन सकाळी जिना उतरणारा माणूस म्हणजे माणूस, असं त्यांचं मत होतं. तो डबा आता स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला होता. वरच्या पुडात मोहरी, मधल्यात साबुदाणा, खालच्यात रवा. आपल्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणाला बसवल्यासारखं त्यांना तिकडे बघून वाटायचं.

केयूर रविवारी लॅपटॉप घेऊन आला. रेझ्युमे रिफ्रेश करायचा म्हणाला.

"काका, तुम्ही नक्की काय करायचात?"

"सगळंच."

"म्हणजे?"

"कुणाची तक्रार आली की मी ती नोंदवून घ्यायचो."

"आणि सोडवायचात?"

"ते खातं वेगळं होतं."

केयूरने ही माहिती एआयला दिली. एआयने पाण्याचा एक घोट घ्यायला लागतो तेवढ्या वेळात दोन पानं काढली. बिवलकरांनी दिवाळीला मिठाईचे पुडे वाटले होते, त्याचं 'एंड-टू-एंड डिस्ट्रिब्यूशन लीडरशिप' झालं. संपाच्या दिवशी ते मागच्या दाराने घरी आले होते, ते 'क्रायसिस मॅनेजमेंट' म्हणून पडलं. शेवटी हॉबी म्हणून वाचन आलं, कारण एआयच्या मते अशा माणसाला वाचन असतंच. बिवलकरांनी दोन्ही पानं उभ्याने वाचली आणि त्यांना वाटलं, कोण आहे हा गृहस्थ, याला एकदा भेटायला हवं.

केयूर म्हणाला, आमच्याच कंपनीत एक जागा आहे, मी बोलून ठेवतो. इंटरव्ह्यूला फक्त कागदावरची प्रत घेऊन जा, आमच्या साहेबांना स्क्रीनवर वाचलेलं पटत नाही. इथे बिवलकरांना साहेबाबद्दल आदर वाटला, आणि तो कागद आधी रीतसर बोर्डावर लागला पाहिजे हेही त्याच क्षणी ठरलं.

सोसायटीचे सेक्रेटरी भीमराव सोनवणे सरकारी नोकरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. दुसऱ्या कुणी रेझ्युमे सोसायटीच्या बोर्डावर लावायची ही मागणी ऐकून हात जोडले असते. सोनवण्यांनी अर्ज मागितला. अर्ज वाचला, त्यात 'विषय' लिहायचा राहिला होता तो लिहून घेतला आणि बुधवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली. तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनच्या बाहेर बोर्ड होता, शेजारी दोरीला पेन बांधलेलं होतं. ते पेन गेल्या गणपतीपासून कोणी वापरलं नव्हतं. आता ते सोमवारी दुपारीच संपलं आणि लोक घरून पेनं आणू लागले.

'लीडरशिप'पुढे कोणीतरी लिहिलं, 'पार्किंगच्या भांडणाच्या वेळी हे गच्चीवर होते.' 'क्रायसिस मॅनेजमेंट'पुढे हिरव्या शाईत आलं, 'पाण्याची मोटर बंद करायला विसरतात. खडकवासल्यात शिल्लक होते तेही यांनी आमच्या जिन्यावर सोडले.' 'एक्सलंट कम्युनिकेशन'समोर फक्त दोन वाक्यं होती: 'खरे आहे. थांबवणे अवघड जाते.' वाचनाच्या छंदाखाली पहिल्या मजल्यावरच्या अस्मिताने लिहिलं की तिचं पुस्तक दोन उन्हाळ्यांपूर्वी नेलेलं अजून परत आलेलं नाही, तेव्हा छंद सावकाश चालला असावा. आणि फोटोवर बाण काढून, 'हा फोटो किती वर्षांपूर्वीचा आहे याचा खुलासा व्हावा.'

सगळ्यांत खाली, समासात, बारीक रेखीव अक्षरात पेन्सिलीने एक ओळ होती. 'आमची हरकत नाही. फक्त लवकर व्हावे. माणूस दिवसभर घरी असतो.'

बिवलकर रोज संध्याकाळी खाली जात, चष्मा लावून प्रत्येक हरकत वाचत आणि तिच्याखाली सवयीने लिहीत, 'नोंद घेतली. श्या. बि.' (फोटोखाली त्यांनी जास्तीचं लिहिलं: 'खुलासा : बारा. श्या. बि.') त्यांना राग आला नाही. उलट इतक्या दिवसांनी कामावर गेल्यासारखं वाटलं.

मंगळवारी केयूरच्या कंपनीतून शेफाली नावाच्या मुलीचा फोन आला. गुरुवारी अकराला या, म्हणाली. बिवलकरांनी ठरवलं, बुधवारी मुदत संपेल, रात्री योग्य त्या सूचना समाविष्ट करायच्या, गुरुवारी सकाळी स्वच्छ प्रत छापायची. बुधवारी संध्याकाळी आनंदीने डबा खाली काढला. मोहरी एका बरणीत गेली, रवा दुसरीत. इंटरव्ह्यूला डबा कशाला, असं बिवलकर म्हणाले खरे, पण आवाज जरा ओला होता.

"असू द्या हो," आनंदी म्हणाली. "तुम्हाला सवय व्हायला हवी. मलाही."

गुरुवारी सकाळी त्यांनी प्रिंटरचं बटण दाबलं. प्रिंटर गप्प राहिला. पंखाही गप्प झाला होता. दुरुस्तीसाठी पुण्यात गुरुवारीच वीज जाते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कारखान्यात त्याची नोटीस दर आठवड्याला बिवलकर स्वतः लावायचे. पण कोथरूडात ती लावणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्या लक्षातच आलं नाही. झेरॉक्सवाल्याकडेही अंधार होता आणि तो बाहेर स्टुलावर बसून वारा घेत होता. साऱ्या परिसरात त्या रेझ्युमेची कागदावरची एकच प्रत उरली होती. ती खाली बोर्डावर होती.

सोनवण्यांनी नियम पाहिला. मुदत काल संपली, तेव्हा नेता येईल, म्हणाले, पण पोच द्या आणि परत आणून लावा, सोसायटीचं रेकॉर्ड आहे. बिवलकरांनी दरवाज्यातच गुडघ्यावर कागद ठेवून पोच लिहून दिली. आतून शैलाताई सोनवण्यांनी सांगितलं की मोटरची हरकत त्यांची होती, पण मनात काही ठेवू नका, चांगलं होऊ दे.

हिंजवडीची बस माणसांनी गच्च होती आणि रस्ता बसेसनी. बिवलकरांनी गर्दीत एका हाताने डबा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओलं करून हिरवी शाई पुसायला घेतली. शाई गेली नाही. 'क्रायसिस'ला भोक पडलं. मग निदान पेन्सिलीची ओळ तरी खोडावी म्हणून त्यांनी कागद डोळ्यांजवळ आणला, आणि ते रेखीव अक्षर त्यांना ओळखीचं वाटलं. धने, जिरे, हिंग. घरच्या सगळ्या बरण्यांवर हेच अक्षर होतं. पुढचे दोन सिग्नल ते बोलले नाहीत. (बसमध्ये बोलायला ओळखीचं कोणी नव्हतंच, पण एरवी त्यांना ती अडचण येत नाही.) ओळ मात्र त्यांनी खोडली नाही.

हिंजवडीत उतरल्यावर त्यांना काचेच्या इमारती दिसल्या, मोमो दिसले, प्रोटीन शेक दिसले. झेरॉक्सचं दुकान एकही दिसलं नाही. कंपनीच्या गेटवर गेनबा नावाचा वयस्क सिक्युरिटी गार्ड होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हितं कागूद कुनाला लागतोय सायेब, समदं मोबाइलातच हाय. आन् पूर्वी हितं आमचं वावर व्हतं, तवाबी झेरॉक्स नव्हतं."

अकरा वाजून गेले होते. बिवलकर तसेच वर गेले.

समोर शेफाली होती आणि तिचे साहेब, अभय दांडेकर. साहेब मूळचे शनिवार पेठेतले, हे त्यांनी 'या' न म्हणता नुसतं खुर्चीकडे पाहिलं यावरूनच कळलं. बिवलकरांनी कागद पुढे केला. खुलासा करायला तोंड उघडलं, पण साहेबांनी वाचायला सुरुवात केली होती. ते छापलेलं एक अक्षरही वाचत नव्हते. समासातून खाली उतरत होते, मधेच कागद आडवा करत होते. भोकातून त्यांनी एकदा बिवलकरांकडेही पाहिलं.

शेफाली बाजूने वाकून बघत म्हणाली, "सर, धिस इज अ प्रॉपर थ्री-सिक्स्टी डिग्री फीडबॅक. सगळ्या बाजूंनी."

"ही पेन्सिलीतली ओळ कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"एका हितचिंतकांची."

"बायकोची का?"

"हो."

"अक्षर चांगलं आहे." साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "माझ्या घरी तोंडी सांगतात." मग त्यांनी बोट प्रत्येक 'नोंद घेतली'वरून सावकाश खाली आणलं. "यातल्या किती तक्रारी सोडवल्यात?"

बिवलकरांनी मांडीवरचा डबा सरळ केला. एआयने कागदावर उभ्या केलेल्या माणसाने इथे काहीतरी इंग्रजी सांगितलं असतं. पण तो माणूस बसमध्येच कुठेतरी उतरला होता. "एकही नाही," ते म्हणाले.

"मग लोक?"

"लोक गप्प बसले. लिहून झालं की बहुतेकांचं काम झालेलं असतं."

साहेबांनी शेफालीकडे पाहिलं, शेफालीने साहेबांकडे. मग तिने सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी आजवर तीन जणांना नेमलं होतं. एसी गार आहे म्हणून एकाने तो कमी केला, तर गरम आहे म्हणून दुप्पट तक्रारी आल्या. कॉफीचं मशीन बदललं, तर जुन्या मशीनच्या आठवणीत ग्रुप निघाला. तिघेही सगळं सोडवायला गेले, आणि तिघेही सोडून गेले.

"आम्हाला सोडवणारा नकोच आहे," दांडेकर म्हणाले. "सोमवारपासून सुरू करा."

बिवलकर उठले तेव्हा जमीन पायांखाली जरा वर आल्यासारखी वाटत होती. ते दारापर्यंत पोचले आणि साहेबांनी मागून अगदी प्रेमाने, म्हणजे शनिवार पेठेच्या मानाने प्रेमाने, सांगितलं की रोज इथवर यायची दगदग करू नका. हा मजला आम्ही सोडतोय. तक्रारी ऑनलाइन येतात, लॉगिन शेफाली पाठवेल. तुम्ही आरामात घरी बसून नोंद घ्या.

परतीच्या बसमध्ये बिवलकरांनी डबा उघडला. पोळी-भाजीत रव्याचे दोन-चार दाणे होते. ते त्यांनी हळूहळू खाल्ले.

नोकरी लागली, एवढंच त्यांनी घरी सांगितलं. आनंदीने देवापुढे साखर ठेवली, बहिणीला फोन लावला, केयूरला आशीर्वाद दिले आणि बरणीतला रवा काढून शिरा केला. सोमवारपासून हॉलची मांडणी कशी बदलायची हेही ती सांगत होती. सकाळची आणखी एक बॅच घेता येईल, दुपारी जरा पडता येईल. बिवलकरांनी इतकी हसरी आनंदी फार दिवसांत पाहिली नव्हती. ते शिरा खात राहिले.

"डबा किती वाजता लागेल?" तिने विचारलं.

"अगं, डबा तसा..." बिवलकरांनी वाटीतला बेदाणा एका कडेला सरकवला. "लागणार नाही. घरूनच करायचंय काम."

आनंदी उठली. कढईत शिरा उरला होता. तो त्यांच्या वाटीत पडणार होता, त्यावर तिने झाकण ठेवलं.

सोमवारी सकाळी नऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बिवलकर हॉलकडे निघाले, तर आनंदी वाटेत उभी होती. तिच्या एका हातात त्यांचा लॅपटॉप होता आणि दुसऱ्या हातात तीन पुडांचा डबा. दोन्ही तिने त्यांच्या हाती दिलं, "सांभाळून जा हो," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आतून जर्मनमध्ये एक ते दहा आकडे ऐकू येऊ लागले.

बिवलकर हातात डबा घेऊन जिना उतरले. हवं होतं ते झालंच होतं, फक्त जिना संपल्यावर पुढे कुठे जायचं हा प्रश्न होता. तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये एक खुर्ची रिकामी होती, प्लग होता, वाय-फाय अस्मिताचं पोचत होतं. ते तिथेच बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी हिंजवडीच्या चाळीस तक्रारींची नोंद घेतली, आणि शेफालीचा शाबासकीचा मेल आला. दुपारी एकला त्यांनी डबा उघडला आणि वॉचमनला लोणचं दिलं.

तीन दिवसांनी ते कामावर उतरले, तर केबिनबाहेरच्या बोर्डावर, रेकॉर्ड म्हणून परत लावलेल्या त्यांच्या रेझ्युमेशेजारी, सोनवण्यांच्या सहीची नवी नोटीस होती. 'सभासदांच्या तक्रारीवरून कळवण्यात येते की, वॉचमनच्या केबिनमध्ये बसून कोणीही खासगी ऑफिस चालवू नये.' खाली समासात पेन्सिलीने, बारीक रेखीव अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, 'त्यांना तिथेच बसू द्यावे ही नम्र विनंती.'

बिवलकरांनी डबा खाली ठेवला, चष्मा लावला, दोन्ही मजकूर सावकाश वाचले. मग दोरीला बांधलेलं नवं पेन उचललं, आणि दोन्हींखाली लिहिलं, 'नोंद घेतली. श्या. बि.'