बाळाप्पाच्या बसची दृष्ट

शोरूममधून फोन आला तेव्हा बाळाप्पा मुलांना शाळेत सोडून नुकताच परतला होता आणि बस दारात उभी होती. शशिधर नावाच्या मेकॅनिकने फार नम्रपणे सांगितलं, की या गाड्यांचा डिझेलचा पाइप कंपनी फुकटात बदलून देते आहे. पाइप गळू शकतो, गळलेलं डिझेल तापलेल्या इंजिनवर पडू शकतं, मग आग लागू शकते; बाकी काळजीचं कारण नाही. बस चालू करू नका, दुपारी मीच येतो.

काळजीचं कारण नाही हे ऐकल्यावर बाळाप्पाला घाम फुटला. कळंब्यातली निम्मी पोरं त्याच्या बसने शाळेला जात. त्याची स्वतःची दानेश्वरी पुढच्या सीटवर बसे, थेट इंजिनाशेजारी. काल काही झालं असतं तर, या विचाराने त्याने बसची किल्ली काढून खिशात घातली. आणि पोरांच्या आयांना कळलं तर उद्या बसमध्ये कोण पोरगं बसवणार, या विचाराने तो खालीच बसला.

बस घरांपासून लांब न्यायची, तर ढकलायला माणसं हवीत. म्हणून त्याने फक्त शेजारच्या पिराजीला सांगितलं, तेही कानात. पिराजी कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जात असे. घराघरांतले गॅस बंद झाले. दूध अर्धवट तापलेलं राहिलं. देवापुढचे दिवेसुद्धा फुंकर मारून विझवले गेले. बस ढकलत मोकळ्या मैदानाच्या मधोमध नेली आणि सगळी गल्ली पार कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाने बाळाप्पाची आई गंगव्वा आली. नव्या रंगाच्या बसला कुणाची तरी नजर लागली, एवढाच अर्थ तिने काढला होता. नाकाला पदर बांधलेला, हातात लोखंडी तवा, तव्यात लाल निखारे, वर मीठ, मोहरी आणि मूठभर मिरच्या.

"अव्वा, मागं सर! तितं डिझेल हाय!" बाळाप्पा ओरडला.

गंगव्वाने उत्तर दिलं नाही. दृष्ट काढताना बोलायचं नसतं आणि मागे वळून बघायचं नसतं. हा नियम तिने सगळ्या नातवंडांच्या वेळी पाळला होता, डिझेलसाठी मोडायचं कारण नव्हतं. तवा टाकीजवळून गेला तेव्हा कुंपणापाशी कुणी श्वास घेईना.

"जा की बाळाप्पा," पिराजी म्हणाला. "तुझीच आई हाय."

बाळाप्पा गेला. डोळे अर्धे मिटून, श्वास कोंडून, मनातल्या मनात दानेश्वरीला पिराजीच्या ओटीत घालून. तो पोचेपर्यंत आईची प्रदक्षिणा पुरी झाली होती आणि निखारे पुढच्या चाकापाशी ओतले गेले होते. त्याने दोन्ही हातांनी त्यांवर माती लोटली. काही पेटलं नाही.

आता बोलायला हरकत नव्हती. गंगव्वाने विचारलं, "कुणाला ठसका आला व्हय रं?"

कुणालाच आला नव्हता. गल्ली कुंपणापाशी होती, बाळाप्पाचा श्वास कोंडलेला होता आणि तिच्या नाकाला पदर होता. पण मिरच्या जळूनही ठसका येत नाही, म्हणजे दृष्ट जबर, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांचे चेहरे उतरले.

दुपारी शशिधरने येऊन नवा पाइप बसवला आणि बस मैदानातून फिरवून दाखवली. जुना पाइप गळतही नव्हता, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. गल्लीला पटलं. गॅस पेटले.

दुसऱ्या दिवशी बाळाप्पाने रोज बसमध्ये पहिली चढणाऱ्या राजनंदिनीच्या दारात हॉर्न वाजवला. तिची आई एकटीच बाहेर आली.

"पाइप बदलला की वैनी," तो घाईने म्हणाला. "कंपनीची गॅरंटी हाय."

"पाइपाचं कोण म्हनतंय, भावजी?" ती खिडकीशी येऊन हळूच म्हणाली. "पर एवढ्या मिरच्या जळल्या, आनि एकालाबी ठसका न्हाय? आज पोरीला रिक्षानं लावून देतो."

पुढच्या दारातही हेच झालं, त्याच्या पुढच्याही. दानेश्वरीला एकटीला घेऊन बस शाळेकडे निघाली. पाइपाची जबाबदारी घ्यायला निदान कंपनी तरी होती.