अण्णांनी मेट्रो थांबवली

आमच्या शेजारच्या अण्णांनी पुण्यात मेट्रो थांबवली. होय, मेट्रो! आम्ही दोघं उतरलो, मागं दार लागायला लागलं आणि अण्णांनी मध्ये छत्री घातली. दार परत उघडलं, कसलासा भोंगा वाजला, मी जागीच गार पडले. अण्णा मात्र शांत. सरकत्या जिन्यावरून धापा टाकत येणाऱ्या बाईला ओरडून सांगत होते, "या की ओ ताई, सावकाश या! गाडी धरल्या!"

रक्षक धावत आला. "आजोबा, पुढची गाडी येतेच की लगेच!"

"व्हय, पर पुढं त्यांची बस चुकंल न्हवं?"

माफी मी मागितली.

त्यांचा तरी काय दोष? कोल्हापुरात जन्मभर सिटी बसचे कंट्रोलर. पळत येणारा माणूस मागं ठेवून गाडी सोडायची न्हाय, हा त्यांचा नियम. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. माझ्या भाचीच्या लग्नात पंगत बसलेली, तर ह्यांनी दारातून आरोळी ठोकली, "गारगोटीचं पावणं, उठा! शेवटची गाडी लागल्या!" नवरदेवाचा मामा जिलेबी हातात घेऊन पळाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि ही मेट्रो त्यांनी न बघताच पाठ केलेली. पुण्याहून कुणी आलं की अण्णा दारात हजर. "त्या वरच्या स्टेशनातनं कुठल्या बाजूला उतरायचं? खाली बस कुठं लागती?" सगळं वहीत टिपून घ्यायचे. म्हातारपणी एकेकाला एकेक खूळ, म्हणून आम्ही हसायचो.

परवा मी पुण्याला निघाले, तर "सुमीनं बोलवलंय" म्हणून पिशवी घेऊन हेही तयार. सुमी त्यांची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा "ह्या दारात पाय ठेवू नगंस" म्हणून अण्णांनीच बजावलं होतं. म्हटलं, मिटलं बाई एकदाचं!

तर मेट्रोतून उतरून स्टेशनाखाली आलो. सुमीच्या घराकडं जाणारी बस समोरच उभी. "जाऊ दे, गर्दी हाय." आत चार माणसं! दुसरी आली. "हिचा डायवर काय बरा दिसत न्हाय." तोवर हे पुण्याच्या लोकांना पुण्यातल्या बस सांगत सुटले, आणि बरोबर सांगत होते! तिसरीही गेली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अण्णा, लेकीकडं जायचंय का न्हाय?"

ते बाकावर बसले. "बाई, तिनं बोलवलं न्हाय. मी खोटं बोललो."

दोन वर्षं हा माणूस लेकीच्या घरची वाट लिहून घेत होता, आणि आम्ही दात काढत होतो!

सुमीचा पत्ता लिहिलेलं पान उघडून त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुम्ही म्होरं जावा. तिचा राग गेला असंल, तर मी आलोय म्हणून सांगा. न्हायतर ऱ्हाऊ दे. मी हितंच हाय."

पुढच्या बसनं मी एकटीच गेले. दार सुमीनंच उघडलं. मला बघून हसली आणि लगेच पांढरीफटक पडली.

"बाई, तुम्ही? अण्णा बरे हायत न्हवं?"

"बरे हायत. तिकडं मेट्रो स्टेशनापाशी बसल्यात. तुझ्याकडं यायला भ्यायलेत."

एवढंच ऐकलं आणि पोरगी तशीच अनवाणी जिना उतरत सुटली. गॅसवर दूध उतू चाललं होतं. ते मीच आत जाऊन बंद केलं.