नामूमामाचं बुटकं दार

उत्रोलीत आमच्या नामूमामाचं घर बघायला गेलात, तर तिकिटाबरोबर कपाळाला ओली हळद मिळते. स्वागताची नव्हे, टेंगळाची. दार इतकं बुटकं, की वाकायला विसरलेला चौकटीवर आदळतोच. मामा वाटी घेऊन शेजारी तयार.

"आपटलं? बसा, हळद लावतो. घर बुटकं न्हाई, पावनं लांब हायती."

मामा स्वतः ताडमाड. त्याच्याही कपाळावर कायम पिवळा डाग. मी मात्र त्या दारातून ताठ मानेनं जाते.

गुंजवण्याचं घर धरणात गेलं, तेव्हा मामा-मामी आणि आम्ही मायलेकी एकाच पत्र्याच्या शेडात राहायचो. मामा दिवसभर लोकांची दारं-खिडक्या करायचा आणि उरलेल्या लाकडातून स्वतःचं घर कोरायचा. खांबांवर भाताच्या लोंब्या, तुळईवर मोर. आता त्याचं संग्रहालय झालंय, आणि आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून ते मी सांभाळते.

दार बुटकं का, हे मामा प्रत्येकाला वेगळं सांगायचा. मास्तरांना, "थंडी आत येऊ नये म्हून." पुणेकरांना, "माज भाईर ऱ्हावा म्हून." एका नव्या नवऱ्याला, "आत्तापास्नं वाकायची सवय लाव, बाबा."

पावसाळा सरता सरता संग्रहालय समितीचे अध्यक्षच आदळले. चष्मा फुटला. हळद लावून घेत म्हणाले, "चौकट हातभर वर घ्या. उद्याच सुतार पाठवतो."

सुताराच्या घरी सुतार! मामानं वाटी खाली ठेवली. "घर दिलंय तुमाला. दाराला हात लावायचा न्हाई."

"अहो, पण कारण काय?"

मला वाटलं, आता थंडी तरी येणार, नाहीतर माज. मामा हळदीचं बोट धोतराला पुसत राहिला.

"गुंजवण्याला चौकट लई उंच, आन् आमची ही जेमतेम साडेचार फूट. दसऱ्याला तोरण बांधाय हिला कुणालातरी हाक मारावी लागायची. माझी आई म्हणायची, हात पुरत न्हाई ती कसली घरधनीण! ही हसायची. मग चुलीम्होरं जाऊन रडायची. हितं म्या तिला उभी केली, म्हणलं, हात वर कर. जितं बोटं पोचली, तितं चौकट बसवली."

"मग बांधलं त्यांनी तोरण?"

"मरंस्तवर. आपल्या हातानं."

अध्यक्षांनी फुटका चष्मा खिशात घातला. जाताना मात्र नीट वाकले.

चौकट हलली नाही. या दसऱ्याला मामानं झेंडूचं तोरण माझ्या हातात दिलं. मी मामीच्याच उंचीची. स्टूल लागलं नाही, कुणाला हाक मारावी लागली नाही.