आठवडाभर आधी आलेल्या तीन बसगाड्या

पोस्टरवर तारीख घालायची नाही असं मी ठरवलं, तिथून सगळं सुरू झालं.

वादळाने आमच्या पिमेंटो गॅपच्या दवाखान्याचं छप्पर उचलून खालच्या केळीच्या बागेत नेऊन ठेवलं होतं. नर्स एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने ब्लडप्रेशर बघायची. (माझं छत्री बघूनच वाढायचं.) नव्या छपरासाठी रस्त्यावर खाद्यजत्रा भरवायची ठरली. राजधानीत, किंग्स्टनला, राहायला गेलेल्या आमच्या गावकऱ्यांना बोलवायचं. पोस्टरचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पोस्टात कारकून. गावात लिहिण्याशी संबंध असलेला माणूस मीच.

मिस मर्डिना आमच्या जत्रा कमिटीच्या अध्यक्ष. त्यांनी मजकूर दिला, ‘शनिवार, बावीस तारीख’. मी विचार केला, तारीख छापली की उरलेली पोस्टरं रद्दी. ‘येत्या शनिवारी’ छापलं तर पुढची दहा वर्षं चालतील. शहरात टपाल पोचायला आठवडा लागतो हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं. त्या हिशेबाने मी गठ्ठा बारा तारखेला रवाना केला.

तो चौदा तारखेला पोचला. आमच्या पोस्टाने आयुष्यात एकदाच चपळाई दाखवली, तीही माझ्या मुळावर यायला.

पंधरा तारखेला, शनिवारी, सकाळी अकराला मी ओसरीत पाय पसरून बसलो होतो. चढावर तीन बस दिसल्या. टपांवर माणसं, खिडक्यांतून रुमाल.

“व्हर्निस,” मी बायकोला हाक मारली, “कुणाची मयत आहे का गं आज?”

ती पदार्थ ढवळायचा डाव हातात घेऊनच बाहेर आली. बसवर माझंच पोस्टर चिकटवलेलं होतं. तिने ते वाचलं. मग मला वाचलं.

“एव्हराल्ड, तारीख कुठेय?”

“काटकसर केली.”

तेवढ्यात मिस मर्डिना केसांना रोलर लावलेल्या अवस्थेत, माझ्या आडनावाने ओरडत धावत आल्या. “पिनॉक, दीडशे माणसं उतरतायत. कोंबड्या अजून फार्मवर चालतायत, बोकड डोंगरावर चरतोय. यांना खायला काय घालू? तुला?”

मला कोणी घेतलं नसतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

व्हर्निस शांतपणे म्हणाली, “मिस मर्डिना, आज वार कुठला?”

“शनिवार. तेच तर रडगाणं आहे.”

“मग दर शनिवारच्या रिवाजाने घराघरात सूप शिजतंय की. पातेली उचला आणि रस्त्यावर आणा.”

पुढचा अर्धा तास गावात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. अठ्ठावीस घरांतून अठ्ठावीस पातेली निघाली. राजम्याचं, भोपळ्याचं, माशाचं, गाईच्या पायाचं, बोकडाच्या मुंडीचं. इस्त्रीची टेबलं, शिवणाची टेबलं रस्त्यावर आली. चर्चच्या पास्टरनी आपलं पातेलं स्वतः वाहून आणलं आणि वाटेत दोनदा चाखलं.

“इथे काय आहे?” एका टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

“सूप,” मी म्हणालो.

“आणि पलीकडे?”

“तिथे जरा वेगळं आहे. सूप.”

मला वाटलं, आता या मला मारणार. पण त्यांनी व्हर्निसच्या सुपात शिजलेला पिठाचा गोळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. “माझी आई असंच करायची,” त्या म्हणाल्या. “ती जाऊन तेवीस वर्षं झाली.” मग वाटी पुढे केली. “अजून घाल, पोरी.”

चार वाजता पातेल्यांचे तळ दिसले. पाहुणे गावकऱ्यांच्या ओसऱ्यांत झोपले होते, कोणीतरी स्पीकर लावला होता, आणि नर्स रोलरवाल्या मिस मर्डिनांबरोबर भर रस्त्यात नाचत होती. सुपाच्या जमलेल्या पैशांतून सोमवारी छपराचे पत्रे मागवले.

कमिटीच्या बैठकीला मी नवा शर्ट घालून गेलो. आभाराचा ठराव येणार, याची खात्री होती.

“पुढच्या वर्षीही सूपच,” मिस मर्डिना म्हणाल्या. “आणि पिनॉक, तुझ्यासाठी खास काम काढलंय. जत्रेच्या आधी महिनाभर तू सासूबाईंकडे, दूर मोंटेगो बे शहरात जाऊन राहायचंस.”

“तिथे प्रचार करायचा का?”

“नाही. नुसतं राहायचं.”

मी व्हर्निसकडे पाहिलं. तिने पर्समधून बसचं तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. वर्षभर आधीच काढून ठेवलं होतं बिचारीने. मी उलटसुलट करून पाहिलं.

फक्त जाण्याचं होतं.