सोळा साच्यांची पूजा

माझ्या हातून आजवर एकही चूक झाली नाही, असा माझा दावा नाही. परंतु ज्या झाल्या त्या मुळात दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या, हे मी कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध करून देईन. अपवाद फक्त एक! तो गेल्या नवरात्रातला. तेवढा प्रांजळपणे सांगून टाकतो, म्हणजे बाकीच्यांविषयी कोणी शंका घेणार नाही.

आमची कन्या भैरवी पुण्यातली नोकरी सोडून तुळजापूरला परतली आणि सोलापूर रस्त्यावर शेड घेऊन तिने कारखाना काढला. कशाचा? गल्लीत कोणी विचारले की मी 'एका प्रकारचे वैद्यकीय साहित्य' असे उत्तर देत असे. ते असत्य नव्हते, अपुरे होते. तुमच्यापासून काय लपवायचे? कंडोमचा! तोही रबराच्या चिकात साचा बुडवून काढलेला नव्हे. तापवली की मऊ होणारी आणि ओढली की रबरासारखी ताणणारी प्लास्टिकची पातळ फिल्म इथे चौकटीत धरतात, गरम करतात आणि खालून काचेचा साचा वर ढकलतात. सायीखालून बोट वर काढले की साय जशी बोटाला लपेटून येते, तशी ती फिल्म साच्याला लपेटते. असे बत्तीस साचे. प्रत्येकाला क्रमांक, तोच क्रमांक मालाच्या कडेवर उमटलेला, आणि ज्या साच्याचा माल त्याच क्रमांकाच्या ट्रेमध्ये.

मी निवृत्त मुख्याध्यापक. कारखान्यात मला कोणतेही पद नव्हते. त्यामुळे माझ्या अधिकाराला मर्यादाही नव्हती.

कोजागरीच्या आदल्या दिवशी खरेदीदाराकडून तपासनीस येणार होते. माल पास झाला तर वर्षभराचे काम. नापास झाला तर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला, आसपासच्या गावांतून कामाला येणाऱ्या बारा बायका घरी आणि शेडला कुलूप! हे भैरवीने मला तीनदा सांगितले होते. तिसऱ्यांदा सांगताना तिचा ओठ हलला होता.

आणि मध्येच आली खंडेनवमी.

"बाबा, पूजा दाराशी करा," भैरवी म्हणाली. "मशीनच्या खोलीत हळदकुंकू नको, फूल नको, उदबत्ती तर नकोच नको."

"खंडेनवमीला सैनिक तलवारीची पूजा करतो, की म्यानाची?"

"साच्यावर कण राहिला तरी फिल्मला भोक पडतं!"

"हळद जंतुनाशक आहे."

"भोक जंतूंमुळं पडत नाही, बाबा!"

"मग हळदीलाच विरोध कशासाठी?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. प्रतिपक्ष मैदान सोडून गेला की निकाल आपल्या बाजूने लागतो, हा सर्वमान्य नियम आहे! दुपारी सगळ्या बायका अंगणात प्रसादाला बसल्या असता मी आत शिरलो आणि एकेका साच्याला बोटभर हळद, बोटभर कुंकू वाहत निघालो. सोळाव्या साच्याशी हळदीची वाटी रिकामी झाली. निम्म्यांना पोचले ते सर्वांना पोचले, असे मनाशी म्हणून मी थांबलो. इतकेच नव्हे, तर जाण्यापूर्वी त्या सोळाही साच्यांना उपरण्याने लख्ख पुसले. उपरणे कोरे होते. त्याचे तंतू निघतात, हे मला मागाहून समजले.

दसऱ्याला सुट्टी. एकादशीला मशीन सुरू झाले. चतुर्दशीच्या सकाळपर्यंत ट्रे भरभरून माल तयार होता आणि माझी छाती त्याहून भरली होती.

कोजागरीसाठी सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते आणि रस्ता वाहनांना बंद होतो. त्यामुळे तपासनीसांना पोलिसांच्या अडथळ्यापासून आडवाटेने आणायला भैरवी स्कूटर घेऊन गेली. मी तिच्या खुर्चीत बसलो. इतक्यात माल पारखणारी धुरपदाबाई तळहातावर काहीतरी घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"गुरुजी, ह्ये बघा. शेंड्याला पिवळं काय वो ह्ये?"

"प्रकाशाचा परिणाम असावा."

"परकास? वास घिऊन बघा की! हळद हाय ही. आन् तिथंच ह्ये बारीक भोक. खरं सांगा, आत कोन गेलतं?"

मी तो नग चटकन वहीखाली सरकवला.

"असे किती असतील, धुरपदाबाई?"

"त्ये पानी भरल्याबगर कसं कळंल?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. "म्या म्हंते, पूजा केल्याली समदीच ट्रे बाजूला काढा."

"निम्मा माल गायब? भैरवीने विचारले तर काय सांगू?"

"जे झालं त्ये."

हा उपाय मला व्यवहार्य वाटला नाही. मी दुसरा काढला. सोळा ट्रेंमधून दहा-दहा नग घ्यायचे, गळती-चाचणी करायची आणि जो ट्रे दोषी तेवढाच गुपचूप हटवायचा. चाचणी सोपी असते: नगात पाणी भरायचे, तोंडाशी गाठ मारायची, टांगायचे आणि थेंब पडतो का ते पाहायचे. आतल्या स्टँडवर दहाच मावत. हाताशी तास-दीड तास! म्हणून मी अंगणातल्या कडुलिंबापासून फाटकापर्यंत चार तारा ओढल्या आणि धुरपदाबाईच्या मदतीने एकशेसाठ नग टांगले. उन्हात ते असे चमकू लागले, की दुधी भोपळ्यांचा मांडव कोणी काचेचा करून ठेवला आहे!

मी वही घेऊन खाली उकिडवा बसलो. वर पाहतो आहे, थेंब शोधतो आहे, घड्याळ पाहतो आहे. पण माझ्याच कपाळावरून इतके थेंब गळत होते, की कोणता कुठला हे ठरेना!

"आई राजा उदो उदो!"

फाटकाशी भाविकांचा एक जथा थांबला होता. पुढे पैलवानी अंगाचा, हातात भगवे निशाण घेतलेला एक इसम. मागचे त्याला बब्रुवान म्हणून हाका मारत होते. आता या रस्त्यावर त्या दिवसांत जागोजागी लोक पाणी, केळी, चहा वाटत असतात, हे मी कसे विसरलो?

"गुरुजी, पानी वाटतायसा व्हय? लई पुन्याचं काम!"

"हे पाणी वाटण्यासाठी नाही!" मी ओरडलो.

"मग कशापायी टांगलंय?"

"ते... तपासणीसाठी आहे."

बब्रुवानाने मागे वळून आरोळी ठोकली, "या रं समदी! साधं न्हाय, तपासल्यालं पानी हाय!"

मी फाटकात आडवा झालो. पण देवीच्या वाटेवरच्या तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणारा मनुष्य तुळजापुरात राहणार कसा? आणि खरे कारण सांगणारा तरी राहणार कसा? या दोन पक्षांचे बलाबल पाहीपर्यंत चाळीस नग तारेवरून उतरले होते!

बब्रुवानाने एकाचा शेंडा दातात धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. नग हातभर लांब झाला. फुटेना. त्याने मान मागे टाकून आणखी ताणला. तेव्हा तो दातांतून सुटून सप्पकन त्याच्या नाकावर बसला.

"आयला! पिशवी हाय का हत्तीचं कातडं?"

"आरं, दातानं काय तोडतुस? कुत्रं हायस का? गाठ सोड की!" एक सुरकुतलेली म्हातारी पुढे आली. तिला सगळे सारजाबाई म्हणत. तिने गाठ सोडली, घटाघटा पाणी प्याली, रिकामा नग झटकला, कंबरेची तंबाखू काढून त्यात भरली आणि पुन्हा गाठ मारली. "बघा, पावसात सुदिक भिजनार न्हाय. गुरुजी, आनिक यक द्या. घरी सुनंला नेते."

मागचे दोन तरुण एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून थरथरू लागले. एकाने फोन काढून माझा फोटो घेतला. मी चेहरा वहीने झाकला. वहीवर माझे नाव होते!

"गुरुजी, तुमचं तोंड पांढरं पडलंय," धुरपदाबाई कानाशी कुजबुजली. "गप वाटून टाका. रिकामं झालं की जातील."

सल्ला योग्य होता. मी यंत्रवत वाटू लागलो. घ्या मावशी, घ्या दादा. घामाने निथळणारा, पांढऱ्या शर्टातला, खांद्याला बॅग अडकवलेला एक गृहस्थ रांगेत नुसताच उभा होता.

"संकोच करू नका! घ्या!" म्हणून मी एक नग त्याच्या हातात कोंबला.

तो पाणी प्यायला नाही. त्याने नग उन्हात धरला, उलटासुलटा फिरवला, कडेवर अंगठा फिरवला.

"साचा क्रमांक सात," तो म्हणाला. "फिल्म किती मायक्रॉनची वापरता?"

भाविक असे प्रश्न विचारत नाहीत.

"मी योगीराज. तपासणीसाठी आलोय. गर्दीत मॅडमशी चुकामूक झाली, म्हणून चालतच आलो." त्याने सारजाबाईच्या तंबाखूकडे पाहिले, मग तारांकडे. "हे काय चाललंय?"

"गळती-चाचणी," मी म्हणालो.

"मग चाचणीचे नमुने कुठं आहेत?"

मी रस्त्याकडे हात केला. "तुळजापूरला निघाले."

पाचच मिनिटांत भैरवीची स्कूटर आली. तिने लिंब पाहिला, तारा पाहिल्या, तारेवर उरलेले तीन नग पाहिले, आणि मला पाहिले. "बाबा," एवढेच ती म्हणाली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो मुलांवर ओरडलो. त्या सगळ्यांना मिळूनही इतके लागले नसेल.

योगीराजांनी आत बसून बत्तीसही ट्रेंमधून स्वतःच्या हाताने नमुने काढले. एकेक नग पाणी घेऊन लटकू लागला. बारा बायका भिंतीला टेकून उभ्या. टप. कोणीतरी श्वास ओढला. टप. भैरवीने डोळे मिटले. शेवटी योगीराजांनी चष्मा काढला.

"एक ते सोळामधले अकरा गळले. सतरा ते बत्तीसमधला एकही नाही. मशीन एक, फिल्म एक, दिवस एक. मॅडम, सोळानंतर असं काय बदलतं?"

भैरवीने सोळावा साचा पाहिला, सतरावा पाहिला, पुन्हा सोळावा पाहिला. "कारण कळलं नाही, तर मला मशीनच सदोष लिहावं लागेल," योगीराज म्हणाले, "आणि मग ऑर्डरचं काही खरं नाही."

धुरपदाबाई जमिनीकडे पाहत होती. ती सांगणार नव्हती, हे मला दिसत होते. माझ्या जिभेवर सात-आठ युक्तिवाद तयार होते; हवामानाचा होता, विजेच्या दाबाचा होता, सोलापूरच्या धुळीचा तर फारच उत्तम होता. पण भैरवीचा ओठ हलला. शेडला कुलूप लागेल हे तिसऱ्यांदा सांगताना हलला होता, तसाच.

"हळद संपली," मी म्हणालो.

"काय?"

"सोळाव्या साच्यानंतर हळद संपली."

मग सगळे सांगितले. उपरण्यासह. योगीराजांनी बराच वेळ चष्मा पुसला. हसू लपवायला चष्मा पुसणारी माणसे मी ओळखतो.

"हा माल नापास," ते म्हणाले. "पण मशीनचा दोष नाही. सतरापासून पुढचा माल मी आजवर पाहिलेल्यांत उत्तम आहे. आठ दिवसांत नवा माल दाखवा. फक्त हा फॉर्म भरून द्या."

फॉर्मवर दोन रकाने होते: दोषाचे कारण आणि त्यावरील उपाय. लेखन हे माझे क्षेत्र! मी पेन घेतले. 'प्रस्तुत दोषाच्या मुळाशी असलेल्या परंपरेचा विचार करता' येथून आरंभ करून मी पहिला रकाना भरला, समास भरला, आणि पुरवणी मागितली. भैरवीने तो कागद माझ्या हातून शांतपणे काढून घेतला, नवा फॉर्म पुढे ओढला आणि दोन ओळी लिहिल्या.

दोषाचे कारण: बाबा.

उपाय: बाबांना घरी ठेवणे.

योगीराजांनी तत्काळ सही केली. एकही प्रश्न विचारला नाही!

आठ दिवसांनी नवा माल पास झाला. त्या दिवशी मी घरी होतो. आता दोन घटना एकाच दिवशी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मी भैरवीला, तिच्या आईला आणि धुरपदाबाईला स्वतंत्रपणे, उदाहरणांसह समजावून दिले आहे. तिघींनीही मध्ये न बोलता ऐकून घेतले.

"पटतंय, बाबा," भैरवी म्हणाली. "पुढची तपासणी सोमवारी आहे. तेव्हा तुम्ही कुठं असणार?"

घरीच असेन म्हणालो.